उत्तर बरोबर, पण गणित?

उत्तरपत्रिका तपासताना माझा हात अडखळतो तो चुकलेल्या गणितापाशी नव्हे, तर बरोबर आलेल्या उत्तरापाशी. १६/६४ मधील वरचा आणि खालचा असे दोन्ही सहा खोडून कोणी १/४ लिहिले, तर उत्तर अचूक असते आणि रीत निव्वळ निराधार. त्याच रीतीने १३/३६ चे १/६ होतील. क्ष² = ५क्ष हे समीकरण दोन्ही बाजूंना क्ष ने भागून सोडवणाऱ्याला ५ हे मूळ मिळते आणि ते खरेही असते, मात्र क्ष शून्य असू शकतो हा विचार न झाल्याने दुसरे मूळ हातचे निसटते. अशा उत्तराला निम्मे गुण देण्याची पद्धत आहे. मला तेही जास्त वाटतात, कारण निसटले ते मूळ नव्हे, भागाकाराची अट आहे.

याउलट, काटकोन त्रिकोणाच्या ६ आणि ८ या बाजूंवरून कर्ण काढताना एकाने ३६ + ६४ = ९० अशी बेरीज केली आणि पुढे √९० चे ३√१० असे सोपे रूप दिले. दुसऱ्याने ६ + ८ = १४ लिहिले. अंतिम उत्तर १० दोघांनाही आले नाही, पण पहिल्याला प्रमेय येते, आणि बेरजेतल्या चुकीमुळे गणित अवघड झाल्यावरही तो डगमगला नाही. त्याचा एकच गुण जायला हवा. चुकीमुळे गणित सोपे झाले असेल, तर मात्र पुढच्या पायऱ्यांचे पूर्ण गुण देऊ नयेत, कारण जे तपासायचे होते ते करण्याची वेळच आलेली नसते. गुणदान तक्त्यात हा फरक क्वचितच आढळतो.

शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ शेरा मिळालेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली, शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांची मात्र सुधारली नाही. तो अभ्यास गणिताचा नव्हता, तरीही मला तो पटतो: आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? म्हणून सरावाच्या वह्यांवर मी गुण घालत नाही. विचार जिथे प्रथम घसरला त्या ओळीशेजारी एक ठिपका देतो, आणि चूक कोणती हे विद्यार्थ्याने शोधून त्याखाली लिहिल्याशिवाय वही पुन्हा तपासायला घेत नाही.