२१३१ वा सामना

आज दुपारभर ६ सप्टेंबर १९९५ चा बाल्टिमोरमधला बेसबॉल सामना यूट्यूबवर पाहत बसलो. कॅल रिपकेनचा सलग २१३१ वा. लू गेरिगचा २१३० चा विक्रम मोडला. यजमान संघ पुढे असेल तर नऊपैकी साडेचार इनिंग्ज झाल्यावर सामना अधिकृत धरतात, म्हणून तिथंच खेळ थांबला, तब्बल २२ मिनिटं. दोन सहकाऱ्यांनी त्याला अक्षरशः ढकललं, तेव्हा कुठं त्यानं मैदानाला फेरी मारली.

हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर. तिथं सहसा लहानखुरे, चपळ खेळाडू असायचे. हा गडी सहा फूट चार इंच! तरी १९९० च्या अख्ख्या हंगामात शॉर्टस्टॉपला फक्त ३ चुका. पुढे १९९८ मध्ये आकडा २६३२ वर गेल्यावर तो स्वतःच एक दिवस बाहेर बसला. (आमच्या ऑफिसात सोमवारी निम्मी माणसं आजारी असतात.)

मला मात्र वेगळीच गोष्ट चटका लावून गेली. आधी तो सलग ८२४३ इनिंग्जही खेळला होता. ती मालिका १९८७ मध्ये मॅनेजरनं, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकानं, तोडली आणि मॅनेजर होते त्याचेच वडील. धाकटा भाऊ बिलीही त्याच संघात. पुढच्या हंगामात पहिले ६ सामने हरल्यावर वडिलांची हकालपट्टी झाली. मुलं तिथंच खेळत राहिली.

१९९५ च्या त्या रात्री वडील वरच्या बॉक्समध्ये होते. कॅलनं वर पाहिलं, त्यांनी हात हलवला. तो तुकडा मी तीनचारदा मागे नेऊन पाहिला.