स्टेंट बसला, पण गोळ्या?

आजच्या ओपीडीत पुन्हा तोच प्रश्न: 'मेंदूच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलाय, आता रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद करू का?' नाही! परस्पर तर मुळीच नाही.

मेंदूच्या रक्तवाहिनीचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, 'फ्लो डायव्हर्टर' म्हणजे रक्ताचा प्रवाह वळवणाऱ्या स्टेंटने त्याच दिवशी बंद होत नाही. त्यातलाच पाइपलाइन नावाचा स्टेंट ४८ बारीक तारांचा विणलेला असतो. त्याने फुग्यात जाणारं रक्त मंदावतं, आत गुठळी होते आणि तोंडावर हळूहळू अस्तर चढतं. मोठ्या फुग्यांवर या स्टेंटच्या 'पफ्स' नावाच्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी वर्षाने सुमारे ८७ टक्के फुगे पूर्ण बंद होते, पाच वर्षांनी ९५ टक्के. पण पहिल्या सहा महिन्यांत ५.६ टक्के रुग्णांना मोठा पक्षाघात किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू आला. हा आकडा घरच्यांना आधीच सांगायला हवा.

अस्तर चढेपर्यंत उघड्या धातूवर गुठळी धरू शकते, म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही. क्लोपिडोग्रेल काहींना लागूच पडत नाही, आपल्याकडे असे रुग्ण कमी नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी प्लेटलेटची, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तपेशींवर गोळीचा असर होतो का याची, चाचणी करून घ्यावी. ॲसिडिटीसाठी ओमेप्रॅझोल नको, त्याने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. दात काढायचा असला तरी आधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.

फुगा आधीच फुटलेला असेल तर याच गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. तिथे शक्य असेल तर कॉइल (फुग्यात भरायची बारीक तार) किंवा क्लिप (फुग्याच्या तोंडाला बाहेरून लावायचा चिमटा) यांचा विचार आधी.