बेंगॉल मांजराचे जुलाब आणि डॉक्टरांशी घातलेली हुज्जत

बेंगॉल मांजराला जुलाब लागले की डॉक्टर सगळ्यात आधी काय बघतात माहितीये? मांजराची जात. "ओह, बेंगॉल का, यांची पोटं नाजूकच असतात." एकदा हे बोलून झालं की पुढे खोलात जायची गरजच संपते, कारण उत्तर आधीच मिळालेलं असतं. आमच्या बाज्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ओळखीतल्या एक-दोघांकडे आता बेंगॉलची पिल्लं आलीयेत आणि त्यांना तोच त्रास सुरू झालाय, प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहून टाकू.

आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहतो, रॅली शहराजवळ मॉरिसव्हिलला. बाज्या कॅटरीतून आणलेला, म्हणजे जिथे एका घरात पंधरा-वीस मांजरं असतात आणि पिल्लं विकतात तिथून. (हे कॅटरीचं लक्षात ठेवा, पुढे लागणारे.) बेंगॉल म्हणजे आशियातलं रानटी बिबट्या मांजर आणि साधं घरगुती मांजर यांच्या संकरातून निघालेली जात. जीन मिल नावाच्या बाईंनी 1963 साली असा आपला पहिला संकर केला, मग मध्ये खंड पडला आणि 1980 च्या दशकात त्यांनी परत जोमाने सुरू केलं, 1986 मध्ये मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या टिका या संस्थेने नवीन जात म्हणून मान्यता दिली. ते रानटी मांजर आपल्या सह्याद्रीतही आहे, त्यामुळे आईला फोटो पाठवल्यावर तिची पहिली प्रतिक्रिया "अगं हे फॉरेस्टवाल्यांनी बघितलं तर?" अशी होती. तिची समजूत घालायला वेळ लागला की बाज्याच्या कागदावर एसबीटी असं लिहिलंय, म्हणजे मागच्या किमान तीन पिढ्या बेंगॉल गुणिले बेंगॉल अशाच आहेत, रान कधीच मागे पडलंय, हा सोफ्यावर झोपतो आणि व्हॅक्यूम क्लीनरला घाबरतो.

आईचं सोडा, इथल्या क्लिनिकवाल्यांनाही हे समजावून सांगावं लागतं. यात त्यांची पूर्ण चूक नाहीये म्हणा, कारण कायदेच प्रत्येक राज्याचे वेगळे. हवाईत बेंगॉल चालतच नाही, न्यूयॉर्क राज्यात रानटी पूर्वजापासून मोजून पाचव्या पिढीपासून पुढचं चालतं, आमच्याकडे तसा काही त्रास नाही. शिवाय रेबीजची लस घरगुती मांजरासाठी मंजूर झालेली असते, पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या संकराचं काय करायचं हा प्रश्न डॉक्टरांना खरोखरच पडतो. पण बाज्या त्यातला नाही ना! तरी आम्ही पहिल्यांदा गेलो त्या क्लिनिकने फाईलवर मोठ्या अक्षरात 'हायब्रिड, सावधान' असं लिहून ठेवलं आणि मग प्रत्येक वेळी टेक्निशियन लांब हातमोजे घालून यायची आणि बाज्या तिच्या मांडीवर चढून गुरगुर करायचा.

आता मूळ आजार. शी पातळ, गाईच्या शेणासारखी, घाण वास म्हणजे अख्खं घर सोडून जावं असा, त्यात शेंबडासारखी आव आणि कधीकधी ताज्या लाल रक्ताचा ठिपका. दिवसातून कितीतरी वेळा. आणि बाकी मांजर एकदम मस्त! खातंय, खेळतंय, पडद्यावर चढतंय, वजन वाढतंय. डॉक्टरांसमोर नेलं की हा टेबलावरून उड्या मारणार, मग त्यांनाही वाटणार की बाई उगाच घाबरलीय.

पहिल्या डॉक्टर तरुण होत्या, स्वभावाने फार गोड. शीचा नमुना घेतला, जंत नाहीत म्हणाल्या, पण जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशी परजीवीचा संशय आहे म्हणून पॅनाकुर हे जंताचं औषध दिलं. काही फरक नाही. मग मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक, ते इतकं कडू की बाज्याच्या तोंडाला फेस यायचा आणि आमच्या हातांवर ओरखडे. पण त्याने फरक पडला! शी घट्ट व्हायला लागली, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते, आणि गोळ्या संपून थोडे दिवस गेले की परत तेच. परत फोन, परत मेट्रोनिडाझोल, परत तेच. मग खाणं बदला. चिकन बंद, ससा सुरू, मग ते महागडं हायड्रोलाईज्ड (म्हणजे आधीच बारीक तोडलेल्या) प्रोटीनवालं डॉक्टरी खाणं, मग प्रोबायोटिक पावडर, भोपळा. इकडे आई फोनवर "ताकात भात कालवून दे, जुलाबाला ताकासारखं औषध नाही" हे चालूच. मांजरांना दूधदुभतं पचत नाही हे सांगितलं तर म्हणते तुझ्या आज्जीची मांजरं काय अमेरिकन खाणं खात होती का.

सुट्टीवर गेलेल्या डॉक्टरांच्या जागी दुसरे डॉक्टर भेटले, त्यांनी फाईल वाचली (खरंच वाचली का शंका आहे) आणि म्हणाले आयबीडी वाटतंय, म्हणजे आतड्यांची कायमची सूज, बेंगॉलमध्ये असतं, एंडोस्कोपी करून तुकडा काढून तपासू, नाहीतर सरळ स्टेरॉईड चालू करून बघू. एंडोस्कोपीचं एस्टिमेट बघून नवरा गप्पच झाला. मला पैशापेक्षा ते 'चालू करून बघू' खटकलं. जिवंत जंतू आत असेल आणि आपण वरून स्टेरॉईड देऊन त्याची प्रतिकारशक्तीच दाबली तर? मी विचारलं, संसर्ग नाही हे आपण कशावरून ठरवलं? ते म्हणाले जिआर्डिया निगेटिव्ह आहे. मी म्हटलं, आणि ट्रायट्रायकोमोनास?

हे नाव मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत वाचून शोधलेलं. ट्रायट्रायकोमोनास फीटस, एकपेशी परजीवी, मांजराच्या मोठ्या आतड्यात राहतो. याच्यावर ज्यांनी सगळ्यात मूलभूत काम केलं त्या डॉक्टर जोडी गुकिन इथेच, रॅलीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्हेटर्नरी कॉलेजमधल्या, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत! त्यांच्या टीमने 2004 मध्ये छापलेला एक सर्व्हे आहे, कॅट शोमध्ये आलेल्या 117 मांजरांची तपासणी केली, त्यातली 36 पॉझिटिव्ह निघाली. 31 टक्के! आणि ही सगळी नटवून आणलेली, जातिवंत, कॅटरीतली मांजरं. बाहेर भटकणाऱ्या मांजरांपेक्षा कॅटरीतल्यांत हा जास्त, कारण सोपं आहे, एका घरात खूप मांजरं, सामायिक लिटर बॉक्स (मांजरांची शी-शू करायची पेटी), ओल्या शीतून एकाकडून दुसऱ्याकडे. बेंगॉलमध्ये हा जास्त सापडतो पण त्यात रानटी रक्ताचा काही संबंध असल्याचं मला तरी कुठे सापडलं नाही, गर्दीत वाढलेली पिल्लं हेच कारण पटतं.

आणि वर्णन तर हुबेहूब. कोवळं मांजर, कॅटरीतून आलेलं, मोठ्या आतड्याचे जुलाब, आव, रक्त, बाकी तब्येत ठणठणीत, अँटिबायोटिकने तात्पुरतं बरं आणि बंद केलं की परत. मी हे सगळं वाचून दाखवलं तर डॉक्टर हसले आणि म्हणाले, ते फार क्वचित बघायला मिळतं, आम्ही मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं, काही दिसलं नाही.

इथे जरा थांबून सांगते कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. साध्या स्लाईडवर हा जंतू बहुतेक वेळा निसटतो. नमुना ताजा लागतो, फ्रिजमध्ये ठेवला की जंतू मरतो, आणि आपण तर शहाण्यासारखं डबी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी नेतो, क्लिनिकवालेच तसं सांगतात कारण बाकीच्या जंतांसाठी ते बरोबर असतं. शी घट्ट असेल तर सापडत नाही, नुकतंच अँटिबायोटिक झालं असेल तर सापडत नाही. आणि सापडला तरी जिआर्डियाच समजला जाऊ शकतो, दोघेही नासपतीच्या आकाराचे. जाणकार सांगतात की फरक चालीत आहे, जिआर्डिया झाडावरून पान गळावं तसा डुलत डुलत जातो, हा मात्र झटके देत पुढे धावतो. पण एवढं बघायला जिवंत नमुना आणि निवांत माणूस दोन्ही पाहिजे. त्यापेक्षा पीसीआर करा, डीएनएवरून सापडतो. मी एवढंच मागत होते. तरी उत्तर, आधी स्टेरॉईड बघू.

मग मी भांडले नाही, फाईल मागितली. ही गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तुमच्या मांजराचे रेकॉर्ड मागायला लाजायचं नाही, रिसेप्शनला एक ईमेल टाकला की पाठवतात. मी त्यावरून एका पानाचा तक्ता केला, कधी कोणतं औषध, त्यानंतर शी कशी, परत कधी बिघडली. फोटोही जोडले. (हो, शीचे फोटो. माझ्या फोनची गॅलरी कोणाला दाखवायच्या लायकीची राहिली नव्हती, एकदा नणंदेला लग्नाचे फोटो दाखवताना काय झालं ते विचारू नका.) आणि शहराबाहेरच्या एका छोट्या क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली.

तिथले डॉक्टर वयस्कर, आधीची बरीच वर्षं गाईगुरांची प्रॅक्टिस केलेले. त्यांनी 'हायब्रिड' शब्दाकडे बघितलंही नाही. तक्ता वाचला, बाज्याची शेपटी उचलून मागची सुजलेली लाल जागा बघितली आणि विचारलं, "कॅटरीतून आणलाय का?" मी ट्रायट्रायकोमोनासचं नाव काढल्यावर म्हणाले, "हा तर आमचा जुना ओळखीचा." कारण त्याच नावाचा जंतू गाईंमध्ये वळूकडून पसरतो, गाभ टिकत नाही, गर्भपात होतो. मांजरातला अगदी तोच की थोडा वेगळा यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे, मांजरातल्याला वेगळं नाव द्यावं असंही काहींनी सुचवलंय. सांगलीला गोठा असलेल्या मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आता कृत्रिम रेतन आल्यापासून ती भानगड नाही राहिली, पण ते मांजराला कसं काय झालं बुवा?" आणि मग अर्धा तास गाईंवरच बोलले.

नमुना मी घरून नेला नाही, डॉक्टरांनी तिथेच सलाईनने मोठं आतडं धुवून घेतला, लिटरची माती नाही की वाळलेलं नाही. बाज्याने त्याबद्दल आम्हाला बरेच दिवस माफ केलं नाही. पीसीआर पॉझिटिव्ह आली. खरं सांगते, आजाराचा रिपोर्ट बघून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

औषध रोनिडाझोल. आता इथे मात्र मी डॉक्टरांच्या बाजूने बोलणार आहे. हे औषध मांजरांसाठी अधिकृत मंजूर नाही, मुद्दाम बनवून देणाऱ्या कंपाउंडिंग फार्मसीकडून वजनाप्रमाणे कॅप्सूल करून घ्यावं लागतं, आणि जास्त झालं तर मेंदूवर परिणाम होतो, मांजर झोकांड्या खातं, कापतं, फिट येऊ शकते. हे औषध नवीन होतं तेव्हा डॉक्टर मांजरांना दिवसातून दोनदा द्यायचे, पण त्याने असा त्रास दिसल्यावर आता दिवसातून एकदाच, किलोला 30 मिलिग्रॅम, 14 दिवस असं ठरलंय. त्यामुळे कोणी डॉक्टर निदान पक्कं नसताना हे द्यायला तयार नसेल तर ते शहाणपणच आहे, आणि ऑनलाईन कबुतरांसाठीची पावडर मिळते ती आणून अंदाजाने देणाऱ्यांच्या मी पाया पडते, नका करू. आमच्या डॉक्टरांनी कॅप्सूल उघडायची नाही, हातमोजे घालून द्यायची, घरात कोणी गरोदर असेल तर तिने हात लावायचा नाही, आणि चालताना जरा जरी तोल गेला तर औषध थांबवून लगेच फोन, हे सगळं लिहून दिलं. मी रोज संध्याकाळी बाज्याला हॉलमध्ये लेझरच्या ठिपक्यामागे पळवायचे, नवऱ्याला वाटायचं खेळतेय, मी पाय बघत असायचे.

घरात दुसरी मांजर आहे, साळू, शेल्टरमधून आणलेली साधी देशी. तिला काहीच त्रास नव्हता म्हणून आधीच्या क्लिनिकमध्ये तिचा विषयच निघाला नव्हता. या डॉक्टरांनी तिचीही टेस्ट करायला लावली आणि तीही पॉझिटिव्ह! लक्षणं नसताना. म्हणजे एकट्या बाज्याला बरं केलं असतं तरी लिटर बॉक्समधून परत त्याच्याकडे आलंच असतं. दोघांना एकदम औषध, बॉक्स वेगळे, रोज धुवून खडखडीत वाळवायचे, कारण कोरड्यात हा टिकत नाही. वास आठवडाभरातच कमी झाला, घट्ट शी दिसली त्या दिवशी मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि तिने "ताक दिलंस ना शेवटी?" असं विचारलं.

काहीजण विचारतात, औषध न देता चालेल का. चालतं, बऱ्याच मांजरांचे जुलाब एक-दोन वर्षांत आपोआप थांबतात, पण जंतू आत राहू शकतो, आणि तोपर्यंत वास तुम्ही घ्यायचा. निवड आपापली. आम्ही औषधानंतर आणि मग काही महिन्यांनी परत पीसीआर केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले निगेटिव्ह म्हणजे शंभर टक्के गेला असं नसतं, शी बिघडली की या. अजून तरी बिघडलेली नाही.

पहिल्या क्लिनिकला मी रिपोर्ट पाठवला, टोमणा न मारता. त्या तरुण डॉक्टरांनी स्वतः फोन केला आणि नमुना कसा घेतला, कुठल्या लॅबला पाठवला, फार्मसी कोणती हे सगळं विचारून घेतलं. स्टेरॉईडवाल्या दुसऱ्या डॉक्टरांकडून काही आलं नाही. कॅटरीवाल्या बाईंनाही कळवलं, त्यांनी "आमच्याकडे असं कधीच नव्हतं" असं एका ओळीत उत्तर दिलं आणि मला फेसबुकवर ब्लॉक केलं. म्हणून पिल्लू घेणाऱ्यांना एवढंच, नाव ठेवायच्या आधी कॅटरीला ट्रायट्रायकोमोनासची पीसीआर केलीय का विचारा आणि रिपोर्ट मागा, ठिपके कितीही सुंदर असले तरी.