जुना लॅपटॉप फेकायच्या आधी एक बूटेबल पेनड्राइव्ह बनवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, आणि तेव्हापासून नात्यातले, बिल्डिंगमधले सगळे एकच विचारतायत, की लॅपटॉप तर व्यवस्थित चालतोय मग आता नवीन घ्यायचा का. माझं उत्तर ठरलेलं आहे, घेऊ नका, आधी एक पेनड्राइव्ह आणा आणि तो बूटेबल करा, म्हणजे मशीन त्याच्यावरूनच चालू होईल असा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधला सुरक्षेचा एक भाग) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६ च्या आसपास घेतलेली मशीन्स त्या यादीत बसत नाहीत, पण यादीत बसत नाही म्हणजे मशीन खराब झालं असं थोडीच आहे. माझ्या मामांचा लॅपटॉप असाच, सहाव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, मामा त्यावर सोसायटीचं इतिवृत्त मराठीत टाइप करतात, लाइट बिल भरतात, नातवाशी व्हिडिओ कॉल करतात. एवढ्या कामासाठी चाळीस हजार कशाला घालवायचे? त्यांना विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, तर त्याबद्दल सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलचं सगळं सामान एकत्र बांधलेली डाउनलोड फाइल, ३ जीबीच्या आसपास असते. पण पेनड्राइव्ह फुटपाथवरचा, १ टीबी लिहिलेला दोनशे रुपयांचा असला नको. त्यात खरी जागा थोडीशीच असते आणि पुढचा डेटा गुपचूप हवेत जातो, मग इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं आणि लोक लिनक्सला नावं ठेवतात.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, की आयएसओ फाइल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली तर का चालत नाही. कारण मशीन चालू होताना विंडोज वगैरे काही जागं नसतं, जागं असतं फक्त मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे चिपमधेच बसवलेला छोटा प्रोग्रॅम, नव्या मशीनमधे त्याला यूईएफआय म्हणतात, आणि त्याला आयएसओ उघडून आत बघता येत नाही. ते पेनड्राइव्हवर फॅट३२ पार्टिशन (ड्राइव्हचा त्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला भाग) शोधतं, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्याच्या आत बूट नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत बूटएक्स६४ नावाची फाइल. ती सापडली की तिला चालू करतं, नाही सापडली तर पुढे जातं आणि सरळ हार्डडिस्कवरचं विंडोज उघडतं. म्हणजे पेनड्राइव्ह बूटेबल करायचा याचा अर्थ एवढाच की आयएसओच्या पोटातलं सगळं बाहेर काढून फर्मवेअरला सापडेल अशा जागी मांडायचं. बायॉस म्हणजे यूईएफआयच्या आधीचं फर्मवेअर असलेल्या जुन्या मशीनचं वेगळं असतं, तिथे ड्राइव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरमधे बूट कोड लागतो, म्हणून तिथे नुसतं फोल्डर काढून ठेवल्यानंही भागत नाही.

हे सगळं रुफस हे विंडोजवर चालणारं छोटं सॉफ्टवेअर करून देतं. पीट बटार्ड या डेव्हलपरनं २०११ मधे ते आणलं, जेमतेम एक-दोन एमबीची फाइल आहे, इन्स्टॉलसुद्धा करावी लागत नाही, फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. उघडलं की वर डिव्हाइसमधे पेनड्राइव्हचं नाव दिसतं, इथे थांबा आणि साइझ वाचा, कारण या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार आहे आणि बाजूला फोटोंची एक्सटर्नल हार्डडिस्क लावलेली असेल तर ती आधी काढून ठेवा. मग सिलेक्ट दाबून आयएसओ निवडायची. खाली पार्टिशन स्कीम, म्हणजे ड्राइव्हवरच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत, विचारतं, मशीन यूईएफआयचं असेल तर जीपीटी, जुनं बायॉसचं असेल तर एमबीआर. स्टार्ट दाबलं की मिंटसाठी विचारतं की आयएसओ मोड (आतल्या फाइल्स काढून मांडणं) का डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी उतरवणं), पहिला घ्यायचा, तो अडला तरच दुसरा. हिरवी पट्टी पूर्ण भरून रेडी असं आलं की झालं.

पण स्टार्ट दाबायच्या आधीची एक गोष्ट लोक हमखास सोडतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे आयएसओ तपासणं. फेब्रुवारी २०१६ मधे लिनक्स मिंटची साइट हॅक झाली होती आणि १७.३ सिनॅमन या आवृत्तीची डाउनलोड लिंक बदलून मागचं दार, म्हणजे हॅकरला गुपचूप आत शिरायची वाट, ठेवलेल्या आयएसओकडे वळवली होती. मिंटवाल्यांनी स्वतःहून हे लगेच जाहीर केलं म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास उलट वाढला, पण धडा हाच की फाइल कुठून आली आणि जशीच्या तशी आली का हे बघायचं. रुफसमधे सिलेक्टच्या शेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं बटण असतं, ते दाबलं की एसएचए२५६ चा, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा, लांबलचक आकडा काढून देतं, तो मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवायचा. दोन मिनिटं लागतात. डाउनलोड मधेच तुटलं असेल तर तेही इथेच कळतं.

विंडोजचाच पेनड्राइव्ह बनवायचा असेल तर एक अडचण येते, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजच्या आयएसओमधली इन्स्टॉल नावाची मुख्य फाइल बऱ्याचदा त्यापेक्षा मोठी असते, म्हणून रुफस तिथे एनटीएफएस ही दुसरी फॉरमॅटची पद्धत वापरतं आणि शेजारी एक चिमुकलं पार्टिशन ठेवतं जे फर्मवेअरला एनटीएफएस वाचायला मदत करतं. रुफसमधे टीपीएमची अट काढून विंडोज ११ टाकायची सोयही आहे, पण मी ती मामांसारख्या माणसाला करून देत नाही, मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची खात्री देत नाही आणि मग सगळा उद्देशच संपतो.

आता बूट. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, कारण फास्ट स्टार्टअपमुळे नुसतं शटडाउन केलं तर विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं. मग मशीन चालू करताना बूट मेनूची की दाबत राहायचं, लेनोवो आणि डेलला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. यादीत पेनड्राइव्हचं नाव येतं, मशीन यूईएफआयचं असेल तर ज्या नावासोबत यूईएफआय लिहिलेलं आहे तेच घ्या.

आणि इथून पुढे जे होतं ते मला खरंच फार आवडतं. पूर्ण डेस्कटॉप समोर येतो आणि हार्डडिस्कला अजून हातही लागलेला नसतो, सगळं पेनड्राइव्ह आणि रॅमवर चाललेलं असतं. इन्स्टॉल करायची घाई करू नका, तासभर इथेच घालवा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, ब्राइटनेसच्या कीज काम करतात का, प्रिंटर सापडतो का. मामांना खुर्चीवर बसवलं, कीबोर्डच्या सेटिंगमधे लेआउटमधे जाऊन मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड) लावून दिलं आणि म्हटलं "मामा, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त टाइप करून बघा बरं." त्यांनी लिबरऑफिस रायटरमधे दोन परिच्छेद टाइप केले, जोडाक्षरं सगळी नीट उमटली, रफार जागच्या जागी, मग म्हणाले "अरे, हे तर तेच आहे की!" ज्यांना फोनेटिक टायपिंगची, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकली की तेही होतं. पेनड्राइव्हवरून चालतं म्हणून इथे थोडं सावकाश वाटेल, त्यावरून वेग ठरवू नका.

ज्यांचं काम टॅलीवर आहे किंवा पेजमेकर आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टवर डीटीपी चालतं त्यांनी मात्र हे करू नका, मी स्पष्ट सांगतो, पोटापाण्याचं काम अडवून लिनक्स टाकण्यात काही अर्थ नाही.

पसंत पडलं तर आधी बॅकअप, मग डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह. एका पानावर विचारतं की विंडोजच्या शेजारी टाकू का सगळी डिस्क पुसू. मामांच्या फाइल्स सगळ्या एक्सटर्नलवर घेतलेल्या होत्या म्हणून आम्ही सगळी पुसली, तुमच्याकडे शंका असेल तर शेजारी टाका. डिस्क निवडताना एसडीए, एसडीबी अशी नावं दिसतात, त्यांच्यावर जाऊ नका, साइझवरून ओळखा. आम्ही मिंट २२ चं एक्सएफसीई हे हलक्या डेस्कटॉपचं व्हर्जन घेतलं, ते ४ जीबी रॅमवर चांगलं चालतं आणि त्याचे अपडेट २०२९ पर्यंत येणार आहेत. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक अजून जाणवतो, तेवढा एक खर्च मी करायला सांगेन.

काम झाल्यावर पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. घरातलं दुसरं एखादं मशीन विंडोजमधे उघडेनासं झालं तर याच पेनड्राइव्हवरून मिंट चालू करायचं, फाइल मॅनेजरमधे डावीकडे विंडोजची डिस्क दिसते, त्यात युजर्स फोल्डर उघडून फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून घेता येतात. फक्त बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल, ती आजच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे बघून वहीत लिहून ठेवा.