घड्याळातला कॅमेरा

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायालयातून दुपारी परतलो, तर ऑफिसात एक गृहस्थ लॅपटॉप उघडूनच बसले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ते नोकरीनिमित्त पुण्यात, आई राजारामपुरीतल्या घरी अंथरुणाला खिळलेल्या, सांभाळायला चोवीस तासांच्या मावशी. कपाटातल्या आईच्या पाटल्या गेल्या होत्या. आईच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळात त्यांनी आधीच कॅमेरा बसवून ठेवला होता. बाराच्या आकड्याखाली टाचणीने टोचल्यासारखे भोक, एवढेच बाहेरून दिसे.

चित्रणात मावशी कपाट उघडताना दिसत होत्या, हातात काय आहे ते मात्र कळत नव्हते. पुढच्या फाइलमध्ये त्या साडी बदलण्यासाठी दाराला कडी लावताना दिसल्या, तेव्हा मी लॅपटॉप मिटला.

“वकीलसाहेब, घर माझे, कॅमेरा माझा. मग अडचण काय?”

स्वतःच्या दारात किंवा दिवाणखान्यात कॅमेरा लावायला सरसकट मनाई नाही. पण मावशी त्याच खोलीत झोपत, कपडे बदलत, आणि तिथे आपल्याला कोणी पाहत नाही असे धरून चालण्याचा त्यांचा हक्क घर कोणाच्या नावावर आहे यावर ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली स्त्रीचे अशा अवस्थेतले चित्रण हा गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीलाच 1 ते 3 वर्षे कारावास आणि दंड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66ई तर स्त्री-पुरुष असा भेदही करत नाही. हेतू चोर पकडण्याचा होता, हा बचाव मांडता येईल. पण ती फाइल पाहूनही जपून ठेवणाऱ्याच्या तोंडी तो कितपत टिकेल, याची मला शंका होती.

“मग तेवढा भाग कापून टाकू.” कापलेल्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, मूळ फाइलशी जुळत नाही, आणि डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात तो नमूद करावा लागतो, कॅमेऱ्यातले मूळ मेमरी कार्ड मागितले जाणारच. ते पुसून टाकले, तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वेगळा. गंमत अशी, की केवळ गैरमार्गाने मिळाला म्हणून आपली न्यायालये पुरावा सहसा नाकारत नाहीत. म्हणजे चोरीच्या खटल्यात तो चालेलही, आणि त्यातूनच फिर्यादी आरोपी ठरेल.

कॅमेरा आजच काढा, कार्डाला हात लावू नका, गुजरीतल्या सराफाच्या पावतीवर तक्रार द्या आणि मावशींना कॅमेऱ्याबद्दल स्वतः सांगा, असा सल्ला मी दिला. शेवटचे सोडून बाकी सारे त्यांना मान्य होते. मी वकीलपत्र घेतले नाही.