बाण कुठून कुठे

सोमवार, रात्री

विभागात सुट्टीपुरतं काम मिळालंय. कमवा व शिका योजनेतून, तासावर पैसे. एम.एस्सी. संख्याशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका चित्रात बसवायचा. विभागप्रमुख सर म्हणाले, "नवीन पोरं येतात, सिलॅबसची पीडीएफ कुणी उघडत नाही. भिंतीवर असं पाहिजे की बघितलं की कळलं." मग जरा थांबून, "नॅकलाही दाखवता येईल." (नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था.) खरं कारण दुसऱ्या वाक्यात होतं, पण पहिलंही खोटं नव्हतं. २९ जूनला सांख्यिकी दिन, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची जयंती. तोवर लागला पाहिजे.

काकांना फोनवर सांगितलं तर हसायलाच लागले. ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढलेलं ते कॉलेज, तिथे 'कमवा आणि शिका' म्हणजे हातात खुरपं. "आणि तू पंख्याखाली बसून रंग भरणार? चांगलंय बाई."

बुधवार

चित्रातली पेपरांची खोकी काढून झाली. खोक्यांना काही लागत नाही, सगळं लिहिलेलंच आहे. २०२३ च्या जीआरप्रमाणे दर सेमला २२ क्रेडिट, चार सेमची ८८. पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी ४, दुसऱ्याला ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) नाहीतर फील्ड प्रोजेक्ट ४, तिसऱ्याला रिसर्च प्रोजेक्ट ४, चौथ्याला ६. एका वर्षात बाहेर पडलात तर पीजी डिप्लोमा. बेरीज जुळते, आणि बेरीज जुळली की कुणी पुढचं विचारत नाही.

पण हे तर पीडीएफमधल्या तक्त्यातही आहे. तक्त्यात काय नाही, तर कुठल्या पेपरवाचून कुठला पेपर अडतो ते.

रूममेट म्हणाली, मेट्रोच्या नकाशासारखा कर, छान दिसेल. दिसला असताच. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा सरळ आणि तिरक्या रेघांत मांडला, तो १९३३ मध्ये छापला गेला, आणि तेव्हापासून जगभर तोच कित्ता. आपल्या पुण्याचाही तसाच: जांभळी लाइन, अ‍ॅक्वा लाइन, डिस्ट्रिक्ट कोर्टला (आधीचं सिव्हिल कोर्ट) बदला. मी तासभर तसं काढूनही पाहिलं. अडलं ते असं, की मेट्रोने वनाजहून रामवाडीला जाता येतं तसं रामवाडीहून वनाजलाही येता येतं. मल्टिव्हेरिएट आधी करून मग लिनिअर अल्जेब्राकडे परत येणारा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही. (येतो खरं तर. रडत येतो, परीक्षेच्या आदल्या रात्री.) शिवाय मेट्रोत दोन लाइनी एका स्टेशनात भेटतात, इथे एका पेपरमध्ये चार पेपर येऊन पडतात. तेव्हा मेट्रो रद्द. डावीकडून उजवीकडे चार उभे पट्टे, पट्ट्यात खोकी, मध्ये बाण.

शुक्रवार

बाण कुणाकडेच लिहिलेले नाहीत. ते शिकवणाऱ्यांच्या डोक्यात आहेत. म्हणून कागद घेऊन एकेकाच्या केबिनमध्ये. बाहेर शिपाई मामा म्हणाले, "पुन्हा तू? ॲडमिशन कॅन्सल झाली का काय?"

लिनिअर मॉडेल्सच्या मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ दिला. माझ्या कागदावर लिनिअर अल्जेब्राकडून त्यांच्या पेपरकडे एक जाडजूड बाण होता. त्या म्हणाल्या, "पूर्ण पेपर नाही लागत गं मला. शेवटचं युनिट लागतं. क्वाड्रॅटिक फॉर्म्स, आयडेम्पोटंट मॅट्रिक्स. आणि नेमकं तेच नोव्हेंबरात उरकलेलं असतं." मला एकदम आमचं वर्ष आठवलं. दुसऱ्या सेममध्ये कॉकरनचं प्रमेय आलं तेव्हा अख्खा वर्ग वहीत मान घालून बसला होता. आयडेम्पोटंट मॅट्रिक्सला तिनेच गुणलं की तीच मॅट्रिक्स मिळते आणि तिचा ट्रेस म्हणजेच रँक, एवढं जरी हाताशी असतं तरी डिग्रीज ऑफ फ्रीडम कुठून येतात ते दिसलं असतं. आम्ही ते 'एन वजा पी' म्हणून पाठ केलं. त्याच युनिटातलं स्पेक्ट्रल डिकम्पोझिशन तिसऱ्या सेमला प्रिन्सिपल कम्पोनन्ट्समध्ये पुन्हा लागतं. म्हणजे सगळ्यात घाईत शिकवलेल्या युनिटातून सगळ्यात जास्त बाण निघतात.

घरी येऊन सगळी खोकी मोडली. आता प्रत्येक पेपरच्या खोक्याला चार खण, एकेका युनिटचा एकेक. बाण खणातून निघतो आणि खणात जातो. पसारा वाढला, पण आता त्याकडे बघून अभ्यास कुठून सुरू करायचा ते तरी कळतं.

दुसरी गंमत. प्रोबॅबिलिटीचे सर म्हणाले, रीमान-स्टिल्टजेस इंटिग्रल अ‍ॅनालिसिसमध्ये झालेला असेल असं धरूनच मी सुरुवात करतो. अ‍ॅनालिसिसचे सर म्हणाले, त्याची उदाहरणं मी डिस्ट्रिब्युशन फंक्शनची देतो, ती प्रोबॅबिलिटीत झालेली असतात ना! दोन्ही पेपर पहिल्या सेमचे. कागदावर दोन बाण काढले आणि चक्र तयार. अशा आलेखाला क्रम लावता येत नाही, हे आम्हाला याच विभागात शिकवलंय. दोघांच्या केबिनच्या मध्ये एकच भिंत आहे. मी प्रोबॅबिलिटीच्या सरांना चित्र दाखवलं तेव्हा ते आधी हसले, मग उठून पलीकडे गेले. ठरलं असं, की अ‍ॅनालिसिसचं ते युनिट ऑगस्टमध्ये घ्यायचं. माझ्या मते या सगळ्या कामातून विभागाला झालेला खरा फायदा एवढाच, आणि तो पोस्टरवर कुठेही दिसणार नाही.

रविवार

आज नुसती हमाली. ऑफिसातून आलेली पेपरांची मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की नुसत्या खाणाखुणा. सगळी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली, मुक्ता फॉन्ट लावला. रंग ओकाबे-इतोचे, लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांनाही वेगळे कळतात असे. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ४.० आवृत्तीपासून ते तयारच मिळतात. सरांना क्रेडिटच्या प्रकारानुसार रंग हवे होते: मेजर एक, इलेक्टिव्ह एक, प्रोजेक्ट एक. मी विषयाच्या धाग्यानुसार दिले: गणिताचा पाया, संभाव्यता, अनुमान, मॉडेल्स, संगणन. मेजर आहे की इलेक्टिव्ह याने फॉर्म भरता येतो, अभ्यास नाही करता येत. इलेक्टिव्हना तुटक कडा दिली, भांडण मिटलं.

मंगळवार

पण सरांनी आज ठिपक्यांच्या बाणांवर बोट ठेवलं. ठिपक्यांचा बाण म्हणजे सिलॅबसमध्ये लिहिलेलं नाही, पण शिकवणारे म्हणतात लागतं. "हे काढ. नॅकवाले विचारतील, लागतं तर अभ्यास मंडळाने घातलं का नाही?" मी म्हटलं, सर, तसंही आपल्याकडे बाणाने कुणाला अडवत नाहीत. पहिल्या सेमचा पेपर राहिला तरी एटीकेटीवर पोरगं पुढच्या वर्गात बसतंच. अडतं ते वर्गात बसल्यावर. केमिस्ट्री मेन घेऊन, स्टॅट्स नुसतं दुसऱ्या वर्षापर्यंत करून जी पोरं येतात, त्यांना हे ठिपकेच कामाचे. सर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

शेवटी दोन चित्रं. कॉरिडॉरसाठी एवन आकाराचं, ठळक बाण आणि क्रेडिट, खाली सीओ-पीओचा (पेपरातून आणि अभ्यासक्रमातून काय यायला हवं याचा) तक्ता. आणि एथ्री कागदावर ठिपक्यांसकट, इंडक्शनच्या दिवशी पोरांच्या हातात द्यायला. एथ्रीवर विभागाचा लोगो नको म्हणाले, म्हणून नाही टाकला. प्रिंटिंगवाल्याला दोन्ही फायली पाठवल्या. मूळ फाईल विभागाच्या पीसीवर ठेवली आहे. इलेक्टिव्हची यादी बदलली की कुठला थर उघडायचा ते लिहून मामांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलंय. विभागात कागद गहाळ होत नाही अशी तेवढी एकच जागा आहे. तासांचा तक्ता सही होऊन आला की बिल टाकायचं.