आमची वाटचाल: धुळीतलं जस्त

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या भट्ट्या आणि सळईच्या मिलांच्या गर्दीत आमचं शेड आहे. पाटी लहान, त्यामुळे नवा ट्रकवाला हमखास पुढे जाऊन परत वळतो.

सुरुवात झिंक सल्फेटनं, म्हणजे जस्ताच्या खतानं झाली. लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या गॅल्व्हनायझिंगवाल्यांकडून जस्ताची राख आणायची, गंधकाच्या तेजाबात विरघळवायची, गाळायची, आटवायची. मराठवाड्याच्या काळ्या रानात जस्ताची कमतरता जुनी आहे, त्यामुळे माल पडून राहत नव्हता. पण राखेचा भाव चढत गेला आणि दर हंगामाला गल्ल्यात उरणारा पैसा कमी होत गेला.

भट्टीची धूळ मात्र रोज डोळ्यांसमोर उडत होती. भंगारात गॅल्व्हनाइज्ड पत्रा असतोच. पोलाद वितळून १,६०० अंशांच्या घरात जातं आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्याची वाफ वर जाते, हवा लागून ऑक्साइड होते आणि धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरमध्ये अडकते. एका भट्टीच्या मॅनेजरना विचारलं, "साहेब, ही धूळ द्याल का?"

"न्या की दादा! विल्हेवाटीचे उलट आम्हीच पैसे भरतोय."

मला वाटलं, लॉटरी लागली.

पहिली बॅच जुन्या सवयीनं तेजाबातच टाकली. जस्त उतरलं, पण सोबत लोखंड उतरलं, चुन्याचं जिप्सम झालं आणि सिलिकाचा चिकट गोळा बनला. गाळ दाबून पाणी काढणारा फिल्टर प्रेस उघडला तर घट्ट केकऐवजी पाटापाटातून खळ ओघळायला लागली. आमचा फोरमन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "शेठ, आता ही लापशी वाढू कुणाला?" कापडं धुण्यात आठवडा गेला.

जगात ही धूळ बहुतेक ठिकाणी कोकसोबत वेल्झ नावाच्या लांब फिरत्या भट्टीत १,१०० ते १,२०० अंशांवर भाजतात. ते मोठ्यांचं काम. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मामेभावानं दुसरी वाट सुचवली: अमोनिया आणि अमोनियम कार्बोनेटचं पाणी. त्यात झिंक ऑक्साइड विरघळतं, लोखंड जवळपास हलतही नाही, शिसंही बरंचसं गाळातच राहतं. द्रावणाला वाफ दिली की अमोनिया उडतो आणि पांढरं झिंक कार्बोनेट खाली बसतं. उडालेला अमोनिया पाण्यात धरून पुन्हा पहिल्या टाकीत. तेजाब दर बॅचला संपतं, हे द्रावण फिरत राहतं. ज्यानं २०१३ चा दुष्काळ टँकरच्या रांगेत काढलाय, त्याला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही.

'भट्टीची धूळ' ऐकायला साधी वाटते, पण कागदावर ती धोकादायक कचरा आहे. २०१६ च्या नियमांतल्या नियम ९ प्रमाणे परवानगी हातात आल्यावरच पहिला ट्रक आत घेतला. आजही मॅनिफेस्टशिवाय, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्राशिवाय, एक पोतं हलत नाही.

धूळ आधी पाण्यानं धुतो, कारण रंग आणि प्लॅस्टिक जळून आलेलं क्लोराइड तीत असतं. मग अमोनियाची टाकी. तांबं जास्त असेल तर द्रावण मोरपंखी निळं दिसतं. त्यात जस्ताची भुकटी टाकून ढवळलं की निळाई विरत जाते आणि तांबं, कॅडमियम काळ्या गाळात बसतं. वाफेची कॉइल मात्र आम्हाला महागात पडली. कार्बोनेट तिच्यावरच प्लास्टरसारखं चढायचं आणि छिन्नी-हातोड्यानं फोडावं लागायचं. शेवटी कॉइल काढली आणि वाफ थेट द्रावणात सोडली. शेवटी कार्बोनेट भाजलं की झिंक ऑक्साइड तयार. नव्या पोरानं पहिल्यांदा गरम ट्रे ओढला आणि माल पिवळा बघून घाबरला. त्याला तिथंच उभं केलं. निवता निवता माल पांढरा झाला.

लोक विचारतात, म्हणजे तुमची प्रोसेस ग्रीन का? अमोनिया काही गुलाबपाणी नाही. एकदा अमोनिया पाण्यात धरणाऱ्या टॉवरचा गॅस्केट गेला, तेव्हा शेजारच्या शेडमधली माणसं डोळे पुसत आमच्या दारात उभी होती. चूक आमचीच, गॅस्केट बदलायची तारीख टळली होती. आता ती तारीख गेटवर खडूनं लिहिलेली असते. धुण्याचं पाणी आटवून मीठ उरतं, प्रेसमध्ये गाळ उरतो. दोन्ही पैसे भरून अधिकृत साइटवर पाठवावं लागतं, आणि तो खर्च धरूनच हिशेब मांडावा लागतो.

गाळात जस्तही उरतं. भट्टीच्या तापात काही जस्त लोखंडाशी जुळून फेराइट बनतं, आणि आमच्या पाण्याला ते दाद देत नाही. म्हणून धुळीचा भाव एकूण जस्तावर ठरवायचा नाही, सुटणाऱ्या जस्तावर ठरवायचा. हे शिकायला आम्हाला दोन तोट्याची वर्षं लागली. आता ट्रक गेटवर थांबतो. जंबो बॅगांत तळापर्यंत नळी खुपसून नमुना काढतो, बीकरमध्ये आमच्याच द्रावणात ढवळतो, गाळतो आणि ईडीटीएनं टायट्रेशन करतो: ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून ईडीटीए रंग बदलेपर्यंत थेंब थेंब सोडायचं, जस्त जितकं जास्त तितकं ते जास्त लागतं. लालसर रंग निळा होईपर्यंत ड्रायव्हरचा चहा होतो.

मागच्या महिन्यात जुन्याच भट्टीचा ट्रक आला. ब्युरेट जेमतेम उघडली आणि रंग निळा झाला. मॅनेजरना फोन लावला.

"साहेब, भंगार बदललंत का?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "पत्रा महागलाय हो. सध्या स्पंज आयर्न जास्त घालतोय." ते खनिजापासून बनतं, त्यावर जस्ताचा मुलामा नसतो.

ट्रक परत पाठवला. भाडं निम्मं-निम्मं वाटून घेतलं.